नारायणराव पेशव्यांचा खून : भ्याड कृत्याचें लक्षण कोणतें ?

शके १६९५ विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध १३, सोमवार, म्हणजे इंग्रजी तारीख ३० ऑगस्ट १७७३, या दिवशीं भर दिवसा पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशवे यांचा खून झाला. त्या वेळीं त्यांस अठरावें वर्ष पुरें होऊन अवघे वीस दिवस झाले होते. पेशवाईचीं वस्त्रें मिळून वर्षही लोटलें नव्हतें. मारणारे हे वाड्याच्या पहाऱ्यावरील, सरकारचेंच अन्न खाणारे गारदी होते. आणि ज्यांच्या पायांशीं नारायणरावांनीं आश्रय मागितला, ते त्यांचे सख्खे चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब होते. इतकी हकीकत मराठी वाचणाऱ्या कोणासही नव्यानें सांगावयास नको.

या कृत्यास ‘भ्याड’ हें विशेषण बखरकारांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वांनीं निरनिराळ्या शब्दांनीं लाविलें आहे, आणि तें अयथार्थ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें नेमकें कोणाच्या वर्तनास व कोणत्या कारणानें लागू पडतें, याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं. विशेषण चुकीच्या जागीं बसलें म्हणजे खरा अपराधी त्याच्या आडून निसटतो. या प्रकरणांत नेमकें तसेंच झालें आहे अशी आमची समजूत असल्यामुळें हा लहानसा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें.

राजकीय घातास भ्याड म्हणतांना सामान्यतः तीन कारणें पुढें केलीं जातात. एक, तो बेसावध माणसावर झाला. दुसरें, मारणारे अनेक व शस्त्रधारी, मरणारा एकटा व निःशस्त्र. तिसरें, सर्व बेत गुप्तपणें रचला गेला. हीं कारणें दिसावयास सबळ दिसतात. पण आपल्याच इतिहासांतील दोनतीन प्रसंगांच्या कसोटीवर लावून पाहतां तीं टिकत नाहींत.

प्रतापगडच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफजलखानाची व शिवाजी महाराजांची भेट झाली. महाराजांनीं अंगांत चिलखत घातलें होतें, शस्त्र झांकून नेलें होतें, आणि जावळीच्या रानांत आपली फौज दबा धरून बसविली होती. गुप्तता म्हणाल तर ती पूर्ण होती. तरीही त्या कृत्यास भ्याड म्हणण्यास विचारी मनुष्य धजत नाहीं. कारण उघड आहे. महाराज स्वतः गेले. बेत फसता तर पहिला प्राण त्यांचाच जाता. आणि खान पडल्यावर तें कृत्य आपलें नव्हे असें त्यांनीं कधींही म्हटलें नाहीं.

दुसरा प्रसंग संताजी घोरपडे यांचा. इ. स. १६९७ त ते शंभुमहादेवाच्या डोंगराळ प्रदेशांत एका ओढ्यावर स्नान करीत असतां नागोजी माने यानें त्यांस गांठून मारिलें, असें खाफीखानाचें कथन आहे. येथें मरणारा एकटा, निःशस्त्र व बेसावध होता. नागोजीचें कृत्य निंद्य खरें, व त्यानें मराठी राज्याची झालेली हानि मोठी खरी. पण त्याच्या मेहुण्यास संताजींनीं मारविलें होतें. सूड घ्यावयाचा तो त्यानें आपल्या हातें घेतला, व शिर घेऊन तो स्वतः मोंगलांकडे गेला. त्यास क्रूर म्हणावें, स्वामिकार्याचा घातकी म्हणावें. परंतु त्यानें आपलें नांव लपविलें नाहीं. खुनाबरोबर त्याचें नांव इतिहासांत कायमचें बांधलें गेलें आहे.

तिसरा प्रसंग जयाप्पा शिंदे यांचा. इ. स. १७५५ च्या जुलईंत नागोरच्या वेढ्यांत मारेकऱ्यांनीं छावणींत शिरून त्यांस ठार केलें. बेत कपटाचा होता. पण हजारों फौजेच्या मध्यभागीं शिरून तिच्या सेनापतीवर हात टाकणारास परत जाण्याची वाट किती असते, हें सांगणें नको. मारवाडचें व शिंद्यांचें वैर त्या वेळीं उघड होतें. कपट झालें तें शत्रूचें शत्रूशीं झालें.

या तिन्ही प्रसंगांवरून असें ठरतें कीं, बेसावधपणा साधणें हें कपट होय, निःशस्त्रास मारणें हें क्रौर्य होय, आणि खाल्ल्या घरास दगा देणें हा विश्वासघात होय. हीं तिन्ही पापें आहेत. पण त्यांचीं नांवें वेगळालीं आहेत. भ्याडपणा हें त्याहून निराळें पाप असून तें कोठें वसतें, हें शोधण्यास शनिवारवाड्यांतील त्या दिवसाइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं.

त्या दिवसाची हकीकत मूळ साधनांवरून व ग्रँट डफच्या ग्रंथावरून थोडक्यांत अशी लागते. गारदी पगाराच्या थकबाकीच्या निमित्तानें दंगा करीत वाड्यांत शिरले. सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ हे त्यांचे म्होरके होते. नारायणराव धांवत दादासाहेबांच्या दालनांत गेले व त्यांस मिठी मारून ‘मला वांचवा’ म्हणून विनवूं लागले. पाठोपाठ सुमेरसिंग नागवी तरवार घेऊन आला. दादासाहेबांनीं रदबदलीचे शब्द काढल्याचें डफ नमूद करतो. सुमेरसिंगाचें उत्तर असें होतें कीं, आतां इथवर आल्यावर आम्ही आपला नाश करून घेणार नाहीं. सोडा, नाहींतर तुम्हीही याजबरोबर मराल. तेव्हां दादासाहेबांनीं मिठी सोडवून घेतली व ते गच्चीवर निघून गेले. नारायणराव मागें जाऊं लागले, तोंच तुळाजी पवार यानें त्यांचा पाय ओढून त्यांस खालीं पाडलें. इतक्यांत चापाजी टिळेकर हा सेवक आंत आला. त्याच्या हातीं शस्त्र नव्हतें. त्यानें धन्यास आपल्या अंगाखालीं घेतलें, आणि दोघेही एकाच जागीं तरवारीखालीं पडले. इच्छारामपंत ढेरे हेही त्या गर्दींत मारले गेले. सरदेसाई यांनीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें एकूण अकरा माणसें मेलीं. त्यांत दोन दासी होत्या. एक गायही मारली गेली.

आतां या मंडळींस एकेक करून पाहूं. सुमेरसिंगाचें वर्तन नीच होतें यांत शंका नाहीं. पहारेकऱ्यानें धन्याचा गळा कापावा याहून अधिक द्रोह तो कोणता? पण त्याच्या शब्दांत एक गोष्ट स्पष्ट आहे. आपण काय करीत आहोंत व त्याचें फळ काय, हें तो जाणत होता, आणि तें त्यानें तोंडावर सांगितलें. पुढें या लोकांचें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग व तुळाजी पवार हैदराच्या आश्रयास गेले असतां त्याजकडून पुणें दरबारच्या ताब्यांत आले, व त्यांस देहांत शिक्षा झाली. केल्या कृत्याचा दाम ज्यांनीं घेतला त्यांनीं त्याचें मोलही दिलें.

चापाजी टिळेकराविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. एकाच खोलींत एकाच घटकेस दोन माणसांच्या गळ्याशीं तोच मुलगा बिलगला होता. एकानें मिठी सोडविली, दुसऱ्यानें आवळली. ज्यानें आवळली तो सामान्य सेवक होता व ज्यानें सोडविली तो अटकेपार निशाण नेणाऱ्या फौजेचा सेनापति होता.

येथेंच या प्रश्नाची खरी गांठ आहे. दादासाहेब भित्रे होते काय ? तसें कोणासही म्हणतां येणार नाहीं. इ. स. १७५८ त लाहोर घेऊन मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या त्यांच्याच सरदारकींत. राघोभरारी हें नांव त्यांस उगाच पडलें नाहीं. आणखी एक गोष्ट विसरूं नये. पुतण्याविरुद्ध शस्त्र धरण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. इ. स. १७६८ त धोडपच्या पायथ्याशीं थोरल्या माधवरावांशीं ते उघड मैदानांत लढले, हरले व कैद होऊन पुण्यास आले. तोही राजकीय अत्याचारच होता. घरांत फूट पाडणारा, राज्यास घातक असा होता. परंतु धोडपच्या लढाईस आजवर कोणीं भ्याड म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. मनुष्य तोच, हेतु तोच, विरोधी पक्षही पुतण्याचाच. मग धोडप आणि शनिवारवाडा यांत फरक कोणता पडला ?

फरक इतकाच कीं, धोडपास दादासाहेब आपल्या नांवानें उभे राहिले, आणि शनिवारवाड्यांत त्यांनीं आपलें नांव आधींच काढून घेतलें होतें.

आतां त्या प्रसिद्ध कागदाकडे वळूं. खुनानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशींत दादासाहेबांचा गारद्यांस दिलेला हुकूम उघडकीस आला, असें डफ सांगतो. त्यांत नारायणरावांस ‘धरावें’ असा मूळ शब्द होता व तो खोडून ‘मारावें’ असा केलेला होता, आणि तो फेरफार आनंदीबाईंनीं केला अशी प्रसिद्धि आहे. डफचा ग्रंथ इ. स. १८२६ चा, म्हणजे घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळानें प्रसिद्ध झालेला. तो अस्सल कागद आज उपलब्ध नाहीं. अक्षर कोणाचें, शाई एक कीं दोन, खाडाखोड केव्हांची, यांपैकीं एकाही प्रश्नाचा निकाल कागद डोळ्यांनीं पाहून करतां येत नाहीं. असें असतां एका स्त्रीवर एवढा भयंकर आरोप ‘असें म्हणतात’ या आधारावर दीडदोनशें वर्षें चालत आला आहे, ही गोष्ट साधनांची पारख करणाऱ्या वाचकांस विचार करावयास लावण्याजोगी आहे.

पण वादाकरितां आपण असें धरून चालूं कीं कागद खरा होता, मूळ शब्द ‘धरावें’ हाच होता, आणि बदल दादासाहेबांच्या नकळत झाला. तर मग पुढें काय घडावयास पाहिजे होतें ? ज्याचा हुकूम बदलून कोणी त्याच्या पुतण्याचा जीव घेतला, तो मनुष्य पहिल्याच दिवशीं हुकूम बदलणारास शोधील. निदान तरवार चालविणारांस बेड्या घालील. येथें तसें कांहींच झालें नाहीं. गारद्यांशीं झालेला लाखांच्या रकमेचा करार दादासाहेबांनीं पाळला. गारदी त्यांच्या चाकरींत राहिले. पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहून आणवून त्यांनीं घेतलीं. शब्द कोणता होता हें सांगणारा कागद हरवला असेल. पण करार, चाकरी व वस्त्रें या तीन गोष्टी हरवलेल्या नाहींत, आणि त्या तिन्हींत ‘मारावें’ हाच पाठ वाचावा लागतो. निदान ज्यानें ‘धरावें’ लिहिलें त्यानें ‘मारावें’चें फळ बिनतक्रार स्वीकारलें, एवढें तरी त्यांवरून निःसंशय ठरतें.

शिवाय हुकुमाची घडणच पाहावी. राज्य करणाऱ्या पेशव्यास त्याच्याच वाड्यांत, दिवसाढवळ्या, पैशाच्या लोभानें फितलेल्या सशस्त्र लोकांकडून ‘धरावयाचें’ होतें. धरल्यावर त्यास कोठें ठेवावयाचें, कोणाच्या स्वाधीन करावयाचें, त्याच्या जिवाचा जामीन कोण, याची कांहीं तजवीज झाल्याचें आढळत नाहीं. जो हुकूम एका अक्षरानें कैदेचा मरण होऊं शकतो, तो देणारास त्या अक्षराची भीति वाटली नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे. जिवंत धरण्याची ज्यास खरोखर इच्छा असते तो ‘जिवास धक्का लागतां कामा नये’ हें वाक्य आधीं लिहितो.

यावरून आमच्या मतें भ्याड कृत्याचें लक्षण असें ठरतें : ज्या कृत्याचें फळ कर्त्यास हवें असतें पण कर्तेपण नको असतें, आणि म्हणून तरवार उपसण्याच्या आधींच ज्याची पळवाट तयार ठेवलेली असते, तें कृत्य भ्याड होय. तेथें हात दुसऱ्याचा असतो, शब्द दोन अर्थांचा असतो, आणि वेळ पडल्यास दोष ठेवण्यास तिसरें मनुष्य जवळ असतें. शरीराच्या धैर्याशीं याचा संबंध नाहीं. रणांगणांत ज्याची छाती कधीं कांपली नाहीं, तो मनुष्यही या अर्थानें भ्याड असूं शकतो. आणि दादासाहेबांचें उदाहरण याचेंच होय.

यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, राज्यकर्ते नेहमींच दुसऱ्याच्या हातानें कामें करवितात. बारभाईंनींही मारेकऱ्यांस स्वहस्तें मारलें नाहीं. हें खरें आहे. दुसऱ्याच्या हातानें करविणें यांत भ्याडपणा नाहीं. तें आपलें नव्हे म्हणण्याची सोय ठेवणें यांत तो आहे. बारभाईंच्या शिक्षा कठोर होत्या, कांहीं तर आजच्या वाचकाच्या अंगावर कांटा आणणाऱ्या होत्या; त्यांस क्रूर म्हणण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्या सरकारच्या नांवानें, अपराध सांगून दिलेल्या होत्या. आणि हेंही सांगितलें पाहिजे कीं, ‘भ्याड नव्हे’ म्हणजे ‘निर्दोष’ असा अर्थ आम्हांस अभिप्रेत नाहीं. निर्भयपणें केलेला खून हाही खूनच होय.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. सुमेरसिंगाची तरवार डोळ्यांसमोर असतां दादासाहेब भ्याले असतील. त्या क्षणाच्या भयाबद्दल त्यांस एवढा दोष कां द्यावा? हा आक्षेप आम्हीं मान्य करतों. प्राणावर बेतलें असतां हात ढिले पडणें हें मनुष्यस्वभावास धरून आहे, आणि जो स्वतः त्या खोलींत नव्हता त्यानें तेवढ्यावरून न्याय करूं नये. पण भय क्षणाचें असतें. भ्याडपणास सवड लागते. गच्चीवरून खालीं उतरल्यावर दादासाहेबांस सवड होती. त्या रात्रीं होती, दुसऱ्या दिवशीं होती, आणि शास्त्रीबोवा समोर येऊन उभे राहिले तोंपर्यंत सहा आठवडे होती. एवढ्या अवधींत ‘हें माझ्यामुळें झालें’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहींत. निघाले ते ‘मीं धरावयास सांगितलें होतें’ हे निघाले.

याच्या उलट बाजूस रामशास्त्री उभे आहेत. त्यांच्यापाशीं फौज नव्हती, किल्ला नव्हता, पाठीशीं कोणी सरदारही नव्हता. होती ती न्यायाधीशाची जागा, आणि तीही ज्याच्याविरुद्ध निकाल द्यावयाचा त्याच्याच हातांतली. प्रायश्चित्त विचारतां देहान्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें त्यांनीं दादासाहेबांस समक्ष सांगितलें व पुणें सोडून ते वांईकडे एका खेड्यांत जाऊन राहिले. पुढें बारभाईंच्या कारभारांत ते पुनः न्यायाधीश झाले व इ. स. १७८९ त त्यांचा अंत झाला. या गोष्टीची थोरवी शास्त्रीबोवांच्या विद्वत्तेंत नाहीं. त्यांचा निकाल दोन अर्थांचा नव्हता, आणि तो त्यांनीं आपल्या नांवानें दिला, हीच तिची थोरवी.

आपलें कृत्य आपलें न म्हणणारास पुढें दुसऱ्याच्या बळावर जगावें लागतें. ज्यांच्या बळावर राज्य चालावयाचें तेच मुत्सद्दी बारभाई होऊन दादासाहेबांपासून फुटले. गंगाबाईंस पुरंदरावर नेण्यांत आलें व १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवरावांचा जन्म झाला. दादासाहेब पळत पळत इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें त्यांनीं साष्टी व वसई देऊं केली, आणि त्यांतून सालबाईच्या इ. स. १७८२ च्या तहापर्यंत चाललेलें युद्ध उभें राहिलें. ज्या अटकेच्या वीरास एके काळीं लाहोरची वाट मोकळी होती, त्यास शेवटीं कोपरगांवीं येऊन दिवस कंठावे लागले. इ. स. १७८३ त ते वारले. आनंदीबाई त्यांच्यामागें दहा-अकरा वर्षें जगल्या, त्या नजरकैदेंत. आणि एका अक्षराचा कलंक त्यांच्या नांवास आजही चिकटून आहे.

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंति. ‘ध’ चा ‘मा’ करणें ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं ती वापरतांना आपण एका आरोपीची कैफियत पुनः पुनः त्याच्या वतीनें वाचून दाखवीत आहोंत, याचें भान कोणासच राहत नाहीं. शनिवारवाड्यांतील खुनाची पळवाट एकच होती, ती म्हणजे तें अक्षर. आणि ती पळवाट उघडी ठेवण्याचें काम दादासाहेबांमागें आपण करीत आलों आहों. जुन्या दप्तरांच्या रुमालांत असा संशयित शब्दाचा कागद कोणास मिळाला, तर त्यानें खाडाखोड भिंगाखालीं अवश्य पाहावी. पण तेवढ्यावर न थांबतां त्याच रुमालांतील पुढच्या महिन्याच्या खर्चाच्या यादी सोडून पाहाव्या, कोणास काय पोंचलें व कोण कोणाच्या चाकरींत राहिलें तें पाहावें. हुकूम लिहितांना मनुष्य शब्द जपून वापरतो. पण हिशेब मांडणारा कारकून तसें करीत नाहीं, आणि खरा पाठ बहुधा त्याच्याच हातचा सांपडतो.